अधिक अठरा

मगदूमांची गाडी, चौथं गॅरेज माझं.
तोच पिवळा दिवा,
आणि गुळाच्या अडतीच्या पिशवीत तिघांची बिलं:
ऑक्सिजन सेन्सर नवा, इंजेक्टर धुतले,
कॉइल बदलल्या, चारी.
"आता तुमीच बगा," म्हणाले
आणि बाकड्यावर बसून राहिले,
दवाखान्याबाहेर बसतात तसे, चप्पल काढून.

उद्यमनगरात दुपारची लाइट गेलेली,
शेजारचे लेथ गप्प.
म्हणून नीट ऐकू आलं:
आठशेवर इंजिन किंचित चाचरतंय.
स्कॅनर लावला.
लाँग टर्म, अधिक अठरा.

म्हणजे मेंदू बिचारा
हवा मोजतो, तिच्या हिशेबानं पेट्रोल सोडतो,
आणि सायलेन्सरकडून दर वेळी निरोप:
कमी पडलं.
अजून घालतो. पुन्हा कमी.
शेवटी वहीत लिहूनच टाकतो,
ह्या घरात रोज अठरा टक्के जास्त लागतं,
कारण विचारू नये.

दस्तगीर मिस्त्रींना असला आकडा दिसला नाही कधी.
ते कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरायचे,
स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं,
आणि मला ओरडायचे, आधी जेवून ये जा,
उपाशी माणूस मिश्रण जाड लावतंय.

मी जेवून आले.
मग गाडी केर्लीवरून जोतिबाच्या चढाला घातली.
स्टिअरिंग माझ्याकडं, स्कॅनर मगदूमांच्या मांडीवर.
काट्यावरचं वजन पुकारावं तसे ते पुकारत होते:
सपाटीला साठवर, "अधिक तीन."
वळण गेलं, पाय दाबला,
टर्बोची बारीक शीळ, पाठ सीटला टेकली,
"उणे... उणे नऊ!
अवो, हे उलटं कसं झालं?"

मी गाडी कडेला घेतली.
खाली उसाचे फड, एका गुऱ्हाळाचा धूर सरळ वर.
सांगायला सुरुवात केली,
हवा आत येते तिथं एक सेन्सर असतो, तो काटा समजा.
आणि पुढचं त्यांनीच सांगितलं.

"काट्याच्या पुढं दार उघडं हाय कुठंतरी.
पेठ थंड असली की त्या दारानं
न मोजलेला माल आत.
गर्दी झाली, रेटा आला,
की मोजलेला माल त्याच दारानं भाईर.
वही कशी जुळायची?"

थोडं थांबून,
"आमच्यात एक दिवाणजी होता असला."
आणि काचेबाहेर बघत बसले.
त्या दिवाणजीचं काय झालं
मी विचारलं नाही.

धुराचं यंत्र घरचंच: जॅमचा डबा,
जुना ग्लो प्लग, बेबी ऑइल, सायकलचा पंप.
नळी लावली, टॉर्च धरला.
थ्रॉटलपाशी काही नाही. इंटरकूलरच्या जोडांना नाही.
मॅनिफोल्डच्या पोटाखाली, हात जेमतेम जातो तिथं,
ब्रीदरच्या पाइपाच्या कोपरावरून
एक पांढरी रेघ निघाली,
देवापुढच्या उदबत्तीएवढी.
पाइप काढून हातात घेतला तर भेग मिटलेली.
वाकवला, तर नखाएवढी उघडी.

दोनशे चाळीस रुपयांचा पाइप.
बिलं तीन गॅरेजांची, पिशवीतच.

वही मी पुसली नाही. पुसता येते, एक बटण आहे.
पण मेंदूला स्वतःच कळू दे म्हटलं.
तो लगेच विश्वास ठेवत नाही.
अठरा. सोळा. सोळाच, बराच वेळ.
मग बारा.
लाइट आली, लेथ सुरू झाले,
आता कानाला काही कळेना.
मगदूम वाकून आकडा बघत होते,
भाव उतरताना
खूश झालेला अडत्या मी पहिल्यांदाच पाहिला.

शून्यावर आला नाही.
अधिक दोनवर थांबला.
"हे दोन कसले?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, राहू द्या,
तेवढं सगळ्यांचंच असतं.